काहीही न करता आकडा किती हलतो?

या महिन्याच्या पत्रांत कांद्याची चाळ आहे, गोदावरी आहे, सर्वेक्षण, चौक आणि कारखानाही आहे. पाच पत्रांना उत्तरे देत आहोत. पहिल्या दोघांनी मोजलेले आकडे सोबत पाठवले, त्यामुळे त्यांना जागाही जास्त दिली आहे.

प्रश्न : आमची कांदा साठवायची २५ टनांची दोन पाखी (मधल्या बोळीच्या दोन्ही बाजूंना एकेक लांब साठवण) चाळ आहे. गेल्या हंगामात उन्हाळ कांदा भरताना एका पाखीत दुकानातून आणलेली ‘सड थांबवणारी’ पावडर थराथरावर टाकली, दुसरी पाखी तशीच ठेवली. सप्टेंबरअखेर चाळ फोडली तेव्हा पावडरीच्या पाखीत १२ टक्के घट निघाली आणि बिनपावडरीच्या पाखीत १७ टक्के. पावडरीने पाच टक्के वाचवले, असे म्हणता येईल का? (शेतकरी, निफाड तालुका)

उत्तर : एवढ्यावरून नाही. पावडर कुचकामी आहे असेही यातून निघत नाही.

पाख्या दोन, म्हणजे तुलना एकच झाली. चाळ पूर्व-पश्चिम लांब असेल तर एक पाखी दक्षिणेकडे असते, दुसरी उत्तरेकडे. जून लागला की नैऋत्येचा वारा आणि पावसाचे शिंतोडे दक्षिणेची पाखी आधी झेलते. त्यात एक पाखी आधी भरली गेली असेल, दुसरी चार दिवसांनी. एकीतला माल निचऱ्याच्या वाफ्यांतला असेल, दुसरीतला पाणी साचणाऱ्या कोपऱ्यातला. पावडरीचा कणही न टाकता दोन पाख्यांत पाच टक्क्यांचा फरक पडू शकतो. पावडर कुठेच न टाकलेल्या वर्षी दोन्ही पाख्यांची घट वेगवेगळी मोजली होती का? ते आकडे नसतील तर हे पाच टक्के मोठे की किरकोळ, हे ठरवायला काही मापच उरत नाही.

पुढच्या हंगामात असे करून पाहा. बांबू आणि जाळी लावून दोन्ही पाख्यांत प्रत्येकी सहा कप्पे पाडा. ४० फुटांच्या पाखीत एक कप्पा साधारण साडेसहा फुटांचा होतो. एकाच पाखीतले शेजारशेजारचे दोन कप्पे म्हणजे एक जोडी, अशा एकूण सहा जोड्या. जोडीतल्या कोणत्या कप्प्यात पावडर टाकायची ते नाणे उडवून ठरवा आणि तिथल्या तिथे वहीत लिहा. गडी ‘डावीकडे सोपं पडतं’ म्हणून सगळीकडे डावीकडेच टाकायला लागला तर नाणे उडवल्याचा काही उपयोग राहत नाही.

माल एकसारखा हवा. वाण एकच, काढणीनंतर तीन-चार दिवस पातीखाली सुकवलेला, दोन-तीन सेंटिमीटर मान ठेवून पात कापलेला आणि नंतर दहा-पंधरा दिवस सावलीत राहिलेला. जोडकांदा, डेंगळे (फुलदांडा आलेले कांदे) आणि गोल्टी (बारीक कांदे) आधीच वेगळी काढा. एक ट्रॉली एका कप्प्यात आणि दुसरी शेजारच्यात, असे अजिबात करू नका. प्रत्येक ट्रॉली जोडीतल्या दोन्ही कप्प्यांत अर्धी-अर्धी रिकामी करा.

अख्खी चाळ तोलायची गरज नाही. दर कप्प्यात जाळीच्या चार पिशव्या पुरा. दोन मधोमध, दोन बाहेरच्या पट्ट्यांजवळ. प्रत्येकीत दहा किलो, दहा ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर तोललेले. रिकाम्या पिशवीचे वजन वजा करायला लोक हमखास विसरतात. पिशवीला सुतळी बांधून तिचे टोक बाहेर काढा, टोकाला पत्र्याचा नंबर अडकवा. कागदी चिठ्ठी ऑगस्टपर्यंत वाचण्याजोगी राहत नाही. एक मधली आणि एक बाहेरची पिशवी जुलैअखेर काढा, उरलेल्या दोन सप्टेंबरअखेर. एकदा काढलेली पिशवी परत पुरू नका. ढीग हलला की हवा खेळते, कांद्याला मारही बसतो आणि घटीचा आकडा बिघडतो.

पिशवी उघडल्यावर एकूण वजनघट लिहून थांबू नका. सडलेला, मोड आलेला, काजळी (काळी बुरशी) धरलेला आणि चांगला असे चार ढीग करून चारही तोला. दहा किलोतून चारांची बेरीज वजा केली की जे उरते, ते बहुतेक उडून गेलेले पाणी. पावडर सडीवर चालली तरी पाणी उडणे ती थांबवणार नाही. दोन्ही एकाच आकड्यात कोंबले की पावडरीचा खरा परिणाम पाण्याच्या घटीत बुडून जातो. प्रतवारी करणाऱ्याच्या हाती फक्त नंबर द्या, कोणत्या पिशवीत पावडर होती हे त्याला सांगू नका. पांढरे कण दिसतील अशी शंका असेल तर पिशव्या आधी दुसऱ्या कोणीतरी झटकाव्यात.

हिशेब जोडीचाच करायचा. सप्टेंबरच्या दोन पिशव्यांची सरासरी म्हणजे त्या कप्प्याचा आकडा. समजा, बिनपावडरीच्या घटीतून पावडरीची घट वजा केल्यावर सहा जोड्यांत ४, ६, उणे १, ५, ३ आणि १ टक्के असा फरक आला. सरासरी ३. या सहा आकड्यांचे प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती विखुरले त्याचे माप) २.६ येते, त्याला सहाच्या वर्गमुळाने भागले की १.०७. सहा जोड्यांसाठी टी-कोष्टकातला (थोड्या मोजण्यांची अनिश्चितता धरणाऱ्या संख्याशास्त्रीय तक्त्यातला, ९५ टक्के खात्रीचा) आकडा २.५७. त्याने गुणल्यावर २.७. म्हणजे पावडरीचा फायदा ०.३ ते ५.७ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. २५ टनांवर तो ७५ किलोही भरेल आणि १४२५ किलोही. पावडरीचा आणि मजुरीचा खर्च या दोन टोकांशी ताडून पाहा, नुसत्या ३ टक्क्यांशी नाही. चोवीस पिशव्या म्हणजे चोवीस तुलना, असे धरून गणित केले की अंतर अरुंद दिसते. पण नाणे कप्प्यांसाठी उडवले होते, पिशव्यांसाठी नाही. कृषी पदविकेच्या प्रकल्पांत ही चूक सर्रास दिसते.

आणखी एक. पावडरीच्या पाकिटावर साठवलेल्या कांद्यासाठी वापराची सूचना छापलेली नसेल तर प्रयोगासाठीसुद्धा ती खाण्याच्या मालावर टाकू नका.

प्रश्न : महाविद्यालयाच्या पर्यावरण प्रकल्पात आम्ही नाशिकला गोदावरीत रामकुंडाजवळ पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन मोजला. दुपारी अडीचला ८.९ मिलिग्रॅम प्रति लिटर आला, दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला ४.१. पाण्याचे तापमान दुपारी २७ अंश होते. मीटर बिघडला असे सर म्हणतात. कोणता आकडा खरा मानायचा? (विज्ञान शाखेचा विद्यार्थी, पंचवटी)

उत्तर : दोन्ही खरे असण्याची शक्यता मोठी आहे.

२७ अंशांना पाण्यात मावणाऱ्या ऑक्सिजनचा पुस्तकातला आकडा सुमारे ८ आहे, पण तो समुद्रसपाटीचा. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, इथे हवेचा दाब सहा-सात टक्के कमी. म्हणजे आपल्याकडे संपृक्ततेचा आकडा ७.४ च्या आसपास येतो. त्याच्या तुलनेत ८.९ म्हणजे १२० टक्के. पाण्यात हवेतून येईल त्याहून जास्त ऑक्सिजन आहे, आणि तो शेवाळाचा. संथ, उन्हात तापलेल्या, सांडपाण्याच्या खतावर पोसलेल्या पाण्यात शेवाळ दिवसभर ऑक्सिजन सोडते. रात्री तेच शेवाळ आणि गाळातले जिवाणू तो ओढून घेतात, त्यामुळे पहाटे तळ गाठला जातो. मासे मरतात तेही बहुधा पहाटेच. दुपारचा चांगला आकडा दाखवून पाणी शुद्ध म्हणणारा अहवाल म्हणूनच संशयाने वाचावा. पानवेलींनी झाकलेल्या पट्ट्यात याच्या उलट होते : खाली ऊन पोचत नाही, दुपारीही ऑक्सिजन कमीच असतो.

तरीही मीटरची शंका फेडून घ्या. त्यासाठी विंकलर पद्धत, म्हणजे रसायनांनी ऑक्सिजन मोजणे. ३०० मि.लि.ची बीओडी बाटली (घट्ट काचेच्या बुचाची) पाण्याखाली तिरपी धरून बुडबुडा न येऊ देता भरा. बादलीतून ओतलेल्या पाण्यात हवा मिसळते, तो नमुना वायाच. मँगनस सल्फेट २ मि.लि., मग अल्कली-आयोडाइड-अझाइड २ मि.लि., दोन्ही वेळा पिपेटचे टोक पाण्याखाली. बूच लावून पंधरा वेळा उलटसुलट करा. तपकिरी साका आला तर ऑक्सिजन आहे, साका पांढराच राहिला तर जवळजवळ नाही. साका अर्ध्यावर बसला की सल्फ्युरिक आम्ल २ मि.लि. घाला. साका विरघळून पाणी सोनेरी पिवळे होते. इथवरचे काम नदीकाठी, हातमोजे आणि चष्मा घालून. त्यानंतर बाटली अंधारात ठेवून काही तासांत टायट्रेशन (थेंबाथेंबाने रसायन टाकून मोजणी) उरका.

टायट्रेशनसाठी २०० नव्हे, २०३ मि.लि. घ्या. रसायनांनी बाटलीतले ४ मि.लि. पाणी बाहेर ढकललेले असते, त्याची ही भरपाई. ०.०२५ नॉर्मल सोडियम थायोसल्फेट वापरले तर जेवढे मि.लि. लागतील तेवढाच मिलिग्रॅम प्रति लिटर ऑक्सिजन. पाण्याचा रंग फिकट गवती झाल्यावरच स्टार्च टाका. आधी टाकला तर आयोडीन स्टार्चला घट्ट धरून बसते आणि शेवटचा बिंदू पुढे सरकतो. निळा रंग पहिल्यांदा गेला तो बिंदू. थोड्या वेळाने निळसर झाक परत आली तरी दुर्लक्ष करा. थायोसल्फेट कपाटात पडून पातळ पडते, म्हणून दर वेळी डायक्रोमेटने प्रमाणित करा. विंकलर आणि मीटर पाच-सहा नमुन्यांत एकमेकांच्या ०.३ च्या आत राहिले तर मीटरला दोष देऊ नका.

खरी अडचण पुढे आहे. सोमेश्वर, आनंदवल्ली, रामकुंड, तपोवन, दसक असे बिंदू घेऊन एकच गट सकाळी सातला वरून निघतो आणि दुपारी खाली पोचतो. मग खालचे पाणी वरच्यापेक्षा चांगले निघते आणि विद्यार्थी गोंधळतात. तिथे जागा आणि वेळ एकमेकांत मिसळलेल्या असतात. शक्य असेल तर पाच गट एकाच वेळी पाठवा. नसेल तर एक दिवस वरून खाली आणि दुसऱ्या दिवशी खालून वर जा. प्रत्येक बिंदूवर पहाटेचा एक नमुना घ्याच. निदान एका बिंदूवर चोवीस तास दर तीन तासांनी मोजा. नदी दिवसभरात आपोआप किती हलते, हे त्या आठ आकड्यांतून कळेल. गंगापूर धरणातून विसर्ग चालू होता का, किती क्युसेक, आदल्या दिवशी पाऊस झाला का, याचा रकाना वहीत नसेल तर दोन महिन्यांनी आकडे हाती असूनही बोलता येत नाही.

आंघोळीच्या पाण्यासाठी केंद्राच्या निकषांत विरघळलेला ऑक्सिजन किमान ५, बीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणू वापरतात तो ऑक्सिजन) कमाल ३ मिलिग्रॅम प्रति लिटर आणि सामू (पीएच) ६.५ ते ८.५ आहे. मलजन्य कोलिफॉर्म जिवाणू १०० मि.लि.मध्ये ५०० पर्यंत अपेक्षित, कमाल मर्यादा २५००. आपल्याकडे बीओडी २७ अंशांना तीन दिवस ठेवून काढतात, परदेशी पुस्तकांतल्या २० अंश आणि पाच दिवसांशी ती गल्लत नको. ऑक्सिजन तीन दिवसांत किमान २ ने उतरला आणि शेवटी किमान १ उरला, तेवढ्याच बाटल्या धरायच्या. म्हणून प्रत्येक नमुन्याची तीन वेगवेगळी सौम्यीकरणे (कमीजास्त पाणी मिसळून पातळ केलेल्या बाटल्या) लावा. नुसत्या सौम्यीकरणाच्या पाण्याची बाटली ०.२ पेक्षा जास्त उतरली तर त्या दिवसाचा सगळा संच रद्द.

प्रश्न : सिन्नर आणि इगतपुरीच्या २० गावांत उन्हाळी पाणीटंचाईचे सर्वेक्षण करायचे आहे, प्रत्येक गावात २० घरे. अंदाजातली चूक ५ टक्क्यांच्या आत राहावी म्हणून किती घरे हवीत, याच्या सूत्राने ३८४ येतात, आमची ४०० होतात. एवढी पुरेत ना? (एम.ए. अर्थशास्त्र, नाशिक रोड)

उत्तर : ३८४ हा आकडा घरे दोन्ही तालुक्यांतून सुटी-सुटी चिठ्ठ्या टाकून निवडली असतील तरच लागू पडतो. एका गावाला टँकर आला नाही तर तिथली वीसही घरे तेच सांगणार. वीस उत्तरे मिळाली, माहिती मात्र दोन-तीन घरांइतकीच.

एकाच गावातली घरे एकमेकांसारखी असण्याचे प्रमाण ०.०५ धरले तर गुणक (तेवढ्याच अचूकतेसाठी किती पट घरे लागतील तो आकडा) १ + १९ × ०.०५ म्हणजे १.९५, तुमची ४०० घरे सुमारे २०५ घरांइतकी. पाण्याच्या प्रश्नात हे प्रमाण बरेच जास्त असते. ०.३ धरले तर गुणक ६.७, घरे उरली ६०, आणि अंदाजातली संभाव्य चूक ५ ऐवजी जवळजवळ १३ टक्के. तेवढीच ४०० घरे ४० गावांत दहा-दहा घेतली तर ती साडेनऊवर येते. एसटीचे भाडे वाढेल, पण गावे वाढवल्याशिवाय आकडा सुधारत नाही. दोन्ही तालुक्यांची गावे वेगवेगळी निवडा. सिन्नरची टंचाई पाऊसच कमी म्हणून, तर इगतपुरीत धो-धो पडूनही पाणी डोंगरावर थांबत नाही म्हणून. दोन्हींची एकच सरासरी कोणाच्याच कामाची नाही.

घरे चावडीपासून मोजायला लागू नका. गावठाणात नळ असतो आणि पाड्यावर नसतो. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ (घरपट्टीची नोंदवही) मधून यादी घ्या, सुरुवात चिठ्ठीने ठरवा, पुढे ठरावीक अंतराने घर. यादीत न आलेल्या झोपड्या वेगळ्या मोजा. कुलूप असेल तर शेजारचे घर घेऊ नका, संध्याकाळी परत जा. दिवसा कुलूप असते ते बहुतेक मजुरांच्या दाराला.

प्रश्न : आमच्या कॉलनीजवळच्या चौकात वर्षभरात ११ अपघात झाले. निवेदने दिल्यावर गतिरोधक पट्टे बसले आणि पुढच्या वर्षी ५ झाले. उपाय यशस्वी म्हणून इतर चौकांतही तीच मागणी करायची आहे. आकडे पुरेसे आहेत का? (ज्येष्ठ नागरिक संघाचे सदस्य, इंदिरानगर)

उत्तर : मागणी जरूर करा, पण या आकड्यांवर नको. १६ नाणी उडवली तर ११-५ किंवा त्याहून एकतर्फी विभागणी पाचांतून एकदा येते. म्हणजे चौकाचा धोका तसूभरही न बदलता हे घडू शकते. शिवाय चौक निवडला कधी? आकडा सर्वांत वाईट झाला त्या वर्षी. शहरातले पन्नास चौक घ्या, त्यांतला यंदाचा सर्वांत वाईट पुढच्या वर्षी काही न करता बहुधा खाली येतो, कारण यंदाच्या ११ मध्ये थोडे दुर्दैवही होते. राष्ट्रीय महामार्गावर ‘ब्लॅक स्पॉट’ ठरवताना ५०० मीटरच्या पट्ट्यातले तीन वर्षांचे आकडे एकत्र पाहतात : मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, नाहीतर दहा मृत्यू. एका वर्षाचे नाही.

अपघात सुदैवाने थोडे असतात, म्हणून पुढच्या ज्या चौकात पट्टे बसणार तिथे वेग मोजा. तो शेकड्यांनी मिळतो. पट्ट्यांच्या अलीकडे रस्त्यावर ३० मीटर अंतराने खडूच्या दोन रेघा ओढा आणि गच्चीवरून मोबाइलवर चित्रण करा. ताशी ५४ कि.मी.चे वाहन ३० मीटर दोन सेकंदांत कापते. सेकंदाला ३० चौकटींच्या चित्रणात एका चौकटीची चूक म्हणजे ताशी एक कि.मी.हून कमी. हातातल्या स्टॉपवॉचने पाव सेकंद इकडेतिकडे झाला की सात कि.मी. गेले. पुढे वाहन नसलेली, मोकळी धावणारी किमान शंभर वाहने घ्या. दुचाकी, मोटारी, ट्रक वेगवेगळे लिहा. सरासरीसोबत ८५ टक्के वाहने ज्या वेगाच्या आत असतात तो वेगही काढा. पट्टे बसण्याआधी एकदा, बसल्यावर महिन्याने आणि पुन्हा सहा महिन्यांनी मोजा, कारण चालक पट्ट्यांना सरावतात आणि पट्टे झिजतात.

त्याच दिवशी, त्याच वेळी, काहीही न बसवलेल्या तशाच दोन चौकांतही वेग मोजा. पट्ट्यांच्या चौकात वेग ६ ने उतरला आणि तिथे २ ने, तर पट्ट्यांच्या खात्यात ४. ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांमध्ये २०२७ चा सिंहस्थ येऊ देऊ नका. त्या काळातल्या वाहतुकीची तुलना कशाशीच होत नाही.

प्रश्न : आमच्याकडे पास झालेले १०० मि.मी. बोअरचे (आतल्या गोल भोकाचे) अॅल्युमिनियम हाउसिंग ग्राहकाकडे ‘बोअर लहान’ म्हणून परत येतात. उन्हाळ्यात जास्तच. टॉलरन्स (मापात चालणारा फरक) एच-७. मशीन बदलावी का? (लघुउद्योजक, अंबड)

उत्तर : आधी गेज (मोजायचे उपकरण) तपासा. लॉटच्या दोन्ही टोकांचे आकार येतील असे दहा जॉब (तयार नग) निवडा, सलग निघालेले दहा नकोत. तीन जणांनी प्रत्येक जॉब तीनदा मोजायचा, क्रम दर वेळी बदलायचा, आधीचे आकडे कोणाला दिसू द्यायचे नाहीत. या ९० आकड्यांतून मापनाचा हिस्सा एकूण फरकाच्या १० टक्क्यांखाली आला तर उत्तम, ३० च्या वर गेला तर मशीनबद्दल बोलण्यात अर्थ नाही. एच-७ म्हणजे १०० मि.मी.ला ३५ मायक्रॉनची (मि.मी.च्या हजाराव्या भागांची) जागा. कोणी बोअर गेज तिरपा धरत असेल तर तेवढ्यातच बरेच संपते.

पण ‘उन्हाळ्यात जास्त’ या शब्दांवरून संशय तापमानावर जातो. अॅल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे सुमारे २३ मायक्रॉन वाढते, स्टील साडेअकरा. शेडमध्ये ३८ अंश, ग्राहकाची तपासणी खोली २० अंशांची. या १८ अंशांत तुमचा बोअर ४१ मायक्रॉन फुगतो आणि स्टीलची मास्टर रिंग (गेज शून्य करायचे प्रमाणित कडे) २१. रिंगवर शून्य केलेला गेज म्हणून बोअर २० मायक्रॉनने मोठा दाखवतो, म्हणजे टॉलरन्सचा निम्म्याहून जास्त भाग. मशीनवरून नुकताच उतरलेला जॉब असेल तर आणखी. परत आलेल्यांपैकी पाच जॉब, गेज आणि रिंग एसी चालवून २० अंशांवर ठेवलेल्या खोलीत एकाच टेबलावर रात्रभर ठेवा, सकाळी उघडा हात न लावता, हातमोजे घालून उचलून मोजा. तेच पाच दुपारी शेडमध्ये पुन्हा मोजा. दोन आकड्यांत वीसच्या आसपास फरक आला तर नव्या मशीनचे कोटेशन थांबवा आणि शेडमधल्या मोजणीसाठी तापमानाचा तक्ता गेजच्या पेटीवर चिकटवा.